एका सुईच्या बहिणी

—नाही, नाही, ती पेटी तिथे नको ठेवूस, तिथे मुलींच्या बॅटन आहेत. आणि बाही वर करा म्हणून मला सांगू नकोस, करायची तेव्हा करीन. आधी मघाचं परत ऐकू दे. आरोग्य शिबिरातल्या तपासणीत माझ्या रक्तात खूण सापडली — मला हिपॅटायटिस सी होऊन गेला आणि मला पत्ताही नाही — बरं. माझ्या अंगाने तो परस्पर हाकलून लावला — शाबास माझ्या अंगाची! आणि धाकटीच्या अंगाला ते जमलं नाही, तिची लिव्हर गेली, कारण काय, तर आजाराशी लढणारी जनुकं माझी वेगळी नि तिची वेगळी. एका आईच्या पोटच्या आम्ही, एका ताटात जेवलेल्या, आणि मला म्हणे हुकमाचं पान आलं नि तिला दुरी. आणि त्या जनुकांच्या अभ्यासाला तुम्हा इस्पितळवाल्यांना माझं रक्त हवंय. हे तू मला माझ्या मैदानावर येऊन सांगतेस? वय काय गं तुझं?

खरं कारण मी सांगते, ऐक. आम्ही चौघी रिलेत धावायचो. मी तिसरी, ती चौथी. शर्यतीच्या सकाळी मास्तर ताकदीचं इंजेक्शन द्यायचे — काचेची एकच सिरिंज, चहाच्या पातेल्यात एकदा उकळली की झालं चौघींचं. आणि टोचायचं तेसुद्धा धावायच्या क्रमाने! क्रम मोडला तर शर्यत जाते, हे मास्तरांच्या डोक्यात पक्कं. बॅटन हातातून हातात, तशी सुई दंडातून दंडात. पहिलीच्या अंगात काय होतं देव जाणे — हो, ती गेली मागेच, पोटात पाणी होऊन. पण सुई एकच ना? मग मी आजही पोरींच्या पुढे धावते आणि धाकटी पिवळी पडून अंथरुणाला खिळलीय, ते का? मी स्वतःला जपलं म्हणून. पहाटे उठले, तेलकटाला शिवले नाही, लग्नसुद्धा केलं नाही — संसारात शिस्त राहत नाही. आणि ती? सदा खिदळणं, जागरणं. लिव्हर काय उगाच सडते? लोकांनी विचारलं की मी स्पष्ट सांगायचे — पिते ती. — डोळे काय वटारतेस? बाटली पाहिली होती मी. एकदा. म्हणजे, होती तिच्या नवऱ्याच्या हातात — पण घर तर तिचंच ना!

आणि येणंजाणं मी नाही तोडलं, तिने तोडलं. मी वाट पाहत होते — येईल, म्हणेल, ताई, चुकलं माझं. एवढंच हवं होतं मला. आता गोळ्यांनी विषाणू गेला म्हणतेस, पण लिव्हरचा दगड झाला तो झालाच — आणि तिचं काही चुकलंच नव्हतं म्हणतेस. मग माझं? माझं काही बरोबरही नव्हतं? मग या सगळ्या पहाटा कसल्या गं? जन्मभर मी कशासाठी जीव मारला?

हे बघ, रक्त ने. हवं तेवढं ने. पण यातलं अक्षर तिच्या कानावर जाता कामा नये, सांगून ठेवते. — काय? तिला माहीत आहे? केव्हापासून? म्हणजे मी तिच्या नावाने खडे फोडत होते, नि ती सगळं ठाऊक असून गप्प? मी खोदून विचारलं म्हणून सांगितलंस, नाहीतर नुसतं रक्त घेऊन जाणार होतीस? कोणी बजावलं होतं तुला तसं?

तिने?

काय म्हणाली? जसंच्या तसं सांग. — "ताईला कारण सांगू नका. शिस्तीने तरले, हे एवढंच तिच्याजवळ आहे."

असं म्हणाली. आणि म्हणताना हसली का गं? — नको. राहू दे. सांगू नकोस.

ही घे, केली बाही वर. टोच, आणि चालती हो.