नाणं गेलं कुठे कुठे

मोजणीदार : मंगळवारी दीपगृहाशी आणि गुरुवारी इथे कालव्याच्या पुलाखाली? नाण्याला पाय फुटले की पंख?

सून : तेच म्हणतेय मी कधीची. कुणीतरी चुकून नंबर टाकला असेल, बाबा. चला ना घरी. ऊन चढतंय, आणि तुम्हाला डॉक्टरांनी…

मोजणीदार : चुकून कसा टाकेल? सात अक्षरं आहेत, नाण्याच्या काठावर कोरलेली. नाणं हातात धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. तूच शिकवलास ना मला हा खेळ? डबा शोधायचा, त्यातलं नाणं उचलायचं, नंबर साइटवर टाकायचा, आणि नाणं पुढच्या डब्यात नेऊन ठेवायचं. मग घरबसल्या कळतं, नाणं कुठे पोचलं.

सून : हो, पण लोक काहीही टाकतात.

मोजणीदार : दीपगृह ते हा पूल, सहाशे बारा किलोमीटर. काल नकाशावर दोनदा मोजलं. दोन दिवसांत कुणी गाडीने आणलं म्हणावं, तर दीपगृहातून उचलल्याची नोंद नाही. न उचलता आलं कसं? परत वाच बघू, काय लिहिलंय.

सून : ‘नाणे मिळाले. पुलाखालच्या डब्यात ठेवले आहे. नाव पाटकरी.’ बस, एवढंच.

मोजणीदार : ही खेळणाऱ्याची भाषा नाही. खेळणारे लिहितात, मजा आली, पाय चिखलात गेले, आभारी आहोत. हा तर पंचनामा झाला.

सून : म्हणूनच म्हणते, खोटं असणार.

मोजणीदार : खोटं आहे तर तू का एवढी घाबरलीस? सकाळपासून बघतोय, तुझा चेहरा उतरलाय. येताना दोनदा रस्ता चुकवलास. नकाशा माझ्या हातात होता म्हणून पोचलो.

सून : घाबरायचं काय त्यात? उगाच तुमची निराशा नको, म्हणून.

मोजणीदार : तिसऱ्या खांबाच्या मागे बघ. तो दगड नुकताच हलवलेला आहे, खालची माती ओली आहे.

सून : तुम्ही खाली उतरू नका हं. मी बघते… आहे. डबा आहे.

मोजणीदार : उघड.

सून : उघडते हो. शिट्टी आहे, एक छोटी गाडी, पेन्सिल, सहीची वही… आणि फडक्यात काहीतरी बांधलंय.

मोजणीदार : सोड गाठ.

सून : सुटत नाहीये.

मोजणीदार : आण इकडे. … सूनबाई, हे नाणंच आहे.

सून : नाही. असं कसं होईल?

मोजणीदार : म्हणजे? नाणं शोधायला आलो आणि नाणं सापडलं, तर ‘असं कसं होईल’?

सून : तसं नाही… दुसरं असेल. सारखी दिसतात सगळी.

मोजणीदार : नंबर वाच. एवढं बारीक मला वाचता येत नाही.

सून : के, सात… बाबा, नंबर आपलाच आहे. आईंचंच नाणं आहे हे.

मोजणीदार : मग असं काळंठिक्कर का? मंगळवारचा दीपगृहाचा फोटो काढ. बघ, लख्ख आहे. आणि ह्याच्या अक्षरांत गाळ भरलाय. नखाने निघत नाही. दोन दिवसांचा गाळ नाही हा. मी आयुष्यभर माती बघितलीय.

सून : मला काहीच कळत नाहीये. खरंच सांगते, मला काहीच कळत नाहीये.

(कालव्याच्या बांधावरून एक माणूस सायकल हाताने ढकलत येतो. कॅरिअरला फावडं बांधलेलं आहे.)

पाटकरी : मिळालं का? वाटलंच होतं, कुणीतरी येईल म्हणून. पुतणी हा खेळ खेळते, ती म्हणाली, काका, लिहून टाकू, ज्याचं असेल तो धावत येईल.

मोजणीदार : तुम्हीच का ते पाटकरी?

पाटकरी : मीच. ह्या कालव्याची दारं उघडायची नि लावायची, हेच माझं काम. शेतं वाट बघतात आणि लोक शिव्या देतात. नाणं तुमचं?

मोजणीदार : माझ्या बायकोचं. तुम्हाला मिळालं कुठे? दीपगृहाकडे गेला होतात?

पाटकरी : दीपगृह? अहो, मी तालुक्याला जायचं तर दोन दिवस आधी ठरवतो. इथेच मिळालं, खालच्या दाराशी. ते दार अडकलं होतं, परवा एकदाचं काढलं. जाळीत गाळ आणि गाळात एक पत्र्याचा डबा. झाकण सडलेलं. आत हे.

मोजणीदार : कुणी टाकला असेल तिथे?

पाटकरी : टाकणार कोण? पुराने आणला. चार वर्षांपूर्वी जुन्या गिरणीचा बांध फुटला ना, तेव्हापासून ते दार बंदच होतं. त्यात माशी शिरली नाही, तर माणूस कुठून शिरणार?

मोजणीदार : म्हणजे नाणं चार वर्षं गाळात होतं?

पाटकरी : होतंच. मी स्वतः खरवडून काढलंय.

मोजणीदार : शक्य नाही. गेल्या चार वर्षांत हे नाणं एकोणीस ठिकाणी गेलंय. घाट, मिठागरं, सरोवर, दीपगृह. माझ्याकडे तारखा आहेत. भिंतीवर नकाशा आहे, एकेक रेघ मारलीय.

पाटकरी : मग साहेब, एक तर मी खोटं बोलतोय, नाहीतर ती एकोणीस ठिकाणं. आता मला खोटं बोलून काय मिळणार? ह्या नाण्यात एक कप चहासुद्धा येत नाही, मी विचारून बघितलं.

मोजणीदार : सूनबाई, हा काय प्रकार आहे?

पाटकरी : मी येतो. पाणी सोडायचंय. तुमचं काय असेल ते… बसा निवांत. फक्त पाय पाण्यात सोडू नका, ओढ आहे.

मोजणीदार : आभारी आहे हो. … बोल.

सून : बाबा, ‘मुसाफिर’ मीच आहे.

मोजणीदार : कोण मुसाफिर?

सून : दीपगृहाला ज्याने नाणं ठेवलं, तो. मिठागरांवर ज्याने उचललं, तो. ‘भटकी जोडी’ पण मीच. ‘वाटसरू’ पण. आईंच्या डबीत नंबराची चिठ्ठी होती. फोटो एकच होता, आईंनी काढलेला, तोच उलटासुलटा करून टाकत गेले.

मोजणीदार : थांब. हळू बोल. म्हणजे नाणं मिठागरांवर गेलंच नाही?

सून : नाही.

मोजणीदार : सरोवराला?

सून : नाही. जुन्या गिरणीपाशी होतं. पूर आला आणि डब्याच्या मालकाने साइटवर लिहिलं, डबा वाहून गेला. ते मी तुमच्याआधी वाचलं. आई जाऊन तीन महिने झाले होते. तुम्ही पलंगावरून उठत नव्हता. जेवायला हाक मारली तर भिंतीकडे तोंड करायचात. दिवसातून एकच वाक्य बोलायचात, ‘नाणं कुठे पोचलं?’ मी काय सांगायला हवं होतं? आई गेल्या, नाणंही गेलं?

मोजणीदार : हो! … नाही. मला माहीत नाही.

सून : मी म्हटलं, घाटापर्यंत पोचलं. तुम्ही उठून बसलात. म्हणालात, नकाशा कुठाय? मला वाटलं, एकदाच. मग आठवड्याने परत विचारलंत.

मोजणीदार : छत्तीस वर्षं जमिनीची मोजणी केली मी. लोकांनी पाय धरले, धमक्या दिल्या, एकाने अंगावर कुत्रा सोडला. पण साखळीची एक कडी इकडची तिकडे केली नाही. मोजणीदार म्हटलं की लोक म्हणायचे, ह्याची रेघ म्हणजे रेघ. आणि माझ्याच घरात, माझ्याच हाताने, चार वर्षं खोटा नकाशा!

सून : चुकलं माझं.

मोजणीदार : तिला सांगायचो मी. सकाळी चहा घेताना. म्हणायचो, आज तू सरोवर बघितलंस. वेड्यासारखा बोलायचो एकटाच.

सून : ऐकायचे मी. म्हणून तर थांबता आलं नाही. वाघावर बसल्यासारखं झालं होतं, बाबा. खाली उतरायचं कसं?

मोजणीदार : तुझ्या नवऱ्याला ठाऊक आहे?

सून : ह्यांना? बोटीवरून फोन येतो तो दहा मिनिटांचा. त्यात हे काय सांगणार?

मोजणीदार : मला कळत नाही, तुझ्यावर रागवावं की काय करावं. रागवायला गेलं की ते पलंगावरचे दिवस आठवतात. नाही रागवलो, तर त्या रेघा डोळ्यांत खुपतात. अशी पंचाईत सरकारी नोकरीत कधी झाली नाही.

सून : रागवा. मला बरं वाटेल.

मोजणीदार : आधी एक सांग. ती ठिकाणं कुठून काढलीस? मी दर वेळी बघायचो, इतकी नेमकी माहिती. मिठागरांवर सकाळी पांढरं दिसतं आणि संध्याकाळी गुलाबी. दीपगृहाला एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या. बघितल्याशिवाय कोण लिहील?

सून : वाचून लिहिलं. दुपारी तुम्ही झोपलात की नकाशा उघडून बसायचे. पहिल्यांदा विचार करायचे, आईंना कुठे जावंसं वाटलं असतं? पण त्या कधी बोलल्याच नाहीत माझ्याशी त्याबद्दल. मग…

मोजणीदार : मग काय?

सून : मग मला जावंसं वाटलं तिथे पाठवलं.

मोजणीदार : एकोणीसही?

सून : एकोणीसही. यादी अजून संपलेली नाही.

मोजणीदार : मी मुलूखभर हिंडलो. महिना महिना तंबूत. परत आलो की ती विचारायची, तिकडे कसं असतं? मी म्हणायचो, असतं आपलं, माती नि दगड. निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, चल, कुठे जायचं? तर म्हणाली, आता गुडघे नाहीत, नाणं पाठवू. मला वाटलं, गंमत करतेय.

सून : बाबा, बसा ना दगडावर. पाणी देऊ?

मोजणीदार : दे. … म्हणजे खरं अंतर किती झालं? तू हात लावायच्या आधीचं.

सून : आईंच्या वेळची पाच ठिकाणं खरी. शेवटचं गिरणीचं. तिथून पाण्याने इथे.

मोजणीदार : गिरणी ते खालचं दार, चार किलोमीटर. थोडं कमीच. चार वर्षांत चार किलोमीटर. आणि तेही पुराच्या एका तडाख्यात.

सून : भिंतीवरचा नकाशा काढून टाकू का?

मोजणीदार : नकाशा फाडत नाहीत. चुकलेला असला तरी फाडत नाहीत, दुरुस्त करतात. त्या रेघांच्या खाली पेन्सिलने लिही, ‘प्रत्यक्ष पाहणी बाकी’.

सून : म्हणजे?

मोजणीदार : म्हणजे जाऊन बघायचं. कागदावर आहे, जमिनीवर आहे की नाही ते. आमच्यात असंच लिहितात.

सून : कोण जाणार?

मोजणीदार : माझे गुडघे अजून आहेत. तुझेही आहेत. पायऱ्या एकशे चौऱ्याऐंशी आहेत की तू मनाच्याच टाकल्यास, ते मोजायला तरी जावं लागेल.

सून : बाबा, तुम्ही खरंच रागावला नाहीत?

मोजणीदार : रागावलोय. चांगला महिनाभर रागावणार आहे. दीपगृहापर्यंत जाताना गाडीत बोलणार नाही, सांगून ठेवतो.

सून : नाणं?

मोजणीदार : तुझ्या पर्समध्ये ठेव. आणि त्या डब्यातल्या वहीत सही कर. आलो, नाणं उचललं, असं लिही.

सून : कुठल्या नावाने? मुसाफिर?

मोजणीदार : तुझ्या. आणि सूनबाई, तारीख आजचीच घाल.