बारा लाख आणि एक दात

दाताच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. तिची मुलगी आत डॉक्टरांकडे होती.

“ताई, बारा लाख. तोंडाशी आलेला घास टाकलास तू.”

“टाकला नाही. ज्याचा त्याला परत पाठवायला सांगितला.”

“शाळेतल्या पोरींनी तिला ढकललं, दात पाडला, वर हसत व्हिडिओ काढला. तो बघून लोकांना कळवळा आला, म्हणून दिले. त्यात वाईट काय?”

“लोक चांगलेच आहेत रे. पण कुणी अनोळखी माणूस इंटरनेटवर वर्गणी गोळा करत होता, ती त्या व्हिडिओखाली. वर्गणी चालू, तोवर व्हिडिओ चालू. रोज हजारो माणसं माझ्या पोरीला पडताना बघायची.”

“शिक्षणाला झाले असते.”

“परवा भाजीवालीनं विचारलं, ‘हीच का ती?’ आणि दोन लिंबं फुकट घातली. घरी आल्यावर पोरगी म्हणाली, मी आता बाहेर येणार नाही.”

“मग आता तो व्हिडिओ?”

“वर्गणी बंद झाली, तसा त्या माणसानं व्हिडिओही काढून टाकला. सकाळपासून तीनदा शोधला. नाही सापडला.”

“आणि दाताचा खर्च?”

“तो त्या पोरींच्या आईबापांकडून घेतला. तेवढं मी सोडते होय?”

दार उघडून मुलगी बाहेर आली.

“दुखलं का गं?”

“थोडंसं. आई, डॉक्टरांनी मला विचारलं, दात कसा पडला.”

“मग?”

“मग काय. त्यांना माहीतच नव्हतं.”