चादर प्रेसला कोणी दिली

नाही, पण चादर प्रेसला, म्हणजे इस्त्रीला, द्यायला सांगितलं कोणी, तेच गोपाळकृष्णरावांना नक्की आठवत नाही. म्हणजे तुम्हाला सांगतो, बाकी सगळं आठवतं. फ्रीगंजातल्या त्या हॉलच्या खुर्च्या कुठल्या रंगाच्या होत्या ते आठवतं, चहात साखर जास्त पडली म्हणून वसंतराव चहावाल्याशी कसे भांडले ते आठवतं, स्वतःच्या पीएच.डी.च्या प्रबंधातल्या तळटीपासुद्धा आठवतात, फक्त ते एक वाक्य कोणाच्या तोंडून निघालं आणि चादर उचलून कोणी नेली तिथे आलं की डोक्यात अंधार… आता ज्या माणसाला आपल्याच तोंडून काय निघालं याची खात्री नाही, त्याने संस्थेचा अध्यक्ष तरी कशाला व्हावं?

पण झाले होते. मालव हस्तकला संवर्धन मंडळ, उज्जैन. अध्यक्ष डॉ. गोपाळकृष्ण पोतनीस, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. उपाध्यक्ष नंदाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. चिटणीस वसंतराव, बँकेतून निवृत्त. तिघेही निवृत्त, तिघांनाही मधुमेह, आणि तिघांचंही मालव्याच्या कारागिरीवर जिवापाड प्रेम. हे प्रेम महिन्यातून एका बैठकीत व्यक्त व्हायचं, इतिवृत्तासकट. भैरवगढला, जिथे खरोखर कापड छापतात आणि रंगवतात, तिथे मंडळी वर्षातून एकदा जायची, ऑटो ठरवून, घरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन.

आता बाटिक म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण पुढची सगळी लाज त्याच्यावरच उभी आहे. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची, मेण गार झालं की कापड रंगात बुडवायचं, मेण आहे तिथे रंग चढत नाही, शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढलं की नक्षी मोकळी होते. झालं. यात न समजण्यासारखं काय आहे? गोपाळकृष्णरावांनी तर नुसत्या मेणावर एक अख्खं व्याख्यान दिलेलं. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

तर मंडळाने प्रदर्शन ठरवलं. भोपाळहून पाहुणे येणार. नंदाताई म्हणाल्या, "तयार माल तर बाजारात पण दिसतो डॉक्टर, आपण टप्पे दाखवू. कोरं कापड, मग मेण लावलेलं, मग रंगवलेलं." कल्पना उत्तम. मेण लावलेली एक मोठी चादर होती भैरवगढच्या मकबूलभाईंकडे. पण ती ते देईनात. ती राज्याच्या स्पर्धेसाठी होती, मेणाचं काम पुरं झालेलं, रंग तेवढा राहिलेला. म्हणाले, "साब, दूसरी ले जाओ. हाथ काँपने लगा है मेरा. अगली बार का भरोसा नहीं, इस बार देना है." गोपाळकृष्णराव म्हणाले, असू द्या, दुसरी चालेल. नंदाताई म्हणाल्या, "एक ही दिन की तो बात है भैया, हम लोग संभालके रखेंगे, पढ़े-लिखे लोग हैं."

पढ़े-लिखे लोग हैं. हे वाक्य मात्र कोणाचं ते तिघांनाही आठवतं.

चादर आली. आता मेण लावून घडी केलेलं कापड कसं दिसतं? कडक, मळकट, सगळीकडून तडकलेलं, जागोजागी मोडलेलं. टेबलावर पसरलं आणि तिघे बघत उभे राहिले. नंदाताई म्हणाल्या, "अहो डॉक्टर, हे असं चोळामोळा? शाळेच्या गॅदरिंगला पडदा तरी बरा लावायचो आम्ही." वसंतराव म्हणाले, "खालचा टेबलक्लॉथ प्रेस केलेला आणि वरची चादर अशी. मेळ बसत नाही." गोपाळकृष्णराव काहीतरी पुटपुटले. काय पुटपुटले? तेच तर… आणि मग कोणीतरी म्हणालं, प्रेसला द्या. आणि चादर बाकीच्या टेबलक्लॉथांच्या गठ्ठ्यात माधव नगरच्या कोपऱ्यावर कैलासकडे गेली. कोळशाची प्रेस, तापून लाल.

तुम्हाला सांगतो, मेणावर इस्त्री. दूध पिणाऱ्या पोरालाही कळेल. तिथे एक डॉक्टरेट होती, एक आदर्श शिक्षिका होती, आणि कर्जाचे कागद आयुष्यभर भिंगातून बघितलेला माणूस होता.

कैलास हातात ती प्रेस धरून हॉलमध्येच आला. "बाबूजी, ये क्या भेज दिया? पूरी प्रेस चिकट गई मेरी. इसमें मधुमक्खी का छत्ता था क्या?" आणि ते तिथेच थांबलं असतं तर… त्या प्रेसखालून पुढे निम्म्या माधव नगरचे कपडे गेले. पुढचे चार दिवस कॉलनीत ज्याच्या त्याच्या पांढऱ्या शर्टावर पाठीमागे एक पुसटसं तेलकट फूल. नंदाताईंच्या यजमानांच्या तर खिशावर. ते बिचारे विचारत होते, हे कुठल्या संस्थेचं बोधचिन्ह?

पण प्रेसला द्यायला सांगितलं कोणी?

"मी नाही," नंदाताई म्हणाल्या. "मी फक्त चोळामोळा म्हटलं. चोळामोळा म्हणजे प्रेस करा असा अर्थ कोणत्या व्याकरणात होतो?" "मी तर टेबलक्लॉथविषयी बोलत होतो," वसंतराव म्हणाले, "ते रेकॉर्डवर घ्या." आणि दोघे गोपाळकृष्णरावांकडे बघायला लागले. गोपाळकृष्णरावांना म्हणावंसं वाटलं, कदाचित मीच. पण पुराव्याशिवाय विधान करायचं नाही ही जन्मभराची शिस्त. कदाचित मी, कदाचित नाही, याला काय कबुली म्हणतात? लोक म्हणतील मोठेपणा घेतोय. आणि खरंच मी नसेन तर? आणि खरंच मीच असेन तर? असं करता करता ते काही बोललेच नाहीत, आणि न बोलण्यालाच अध्यक्षांचा संयम म्हणतात.

मकबूलभाई आले. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली. वसंतराव म्हणाले, "वो थोड़ी तांत्रिक अड़चन हो गई है." मकबूलभाईंनी चादर मांडीवर घेतली. मेण पसरून धाग्यात मुरलेलं, फुलाच्या कडा फुटलेल्या, कुठे काय होतं पत्ता नाही. ते नुसता हात फिरवत राहिले त्याच्यावरून. हात खरंच थरथरत होता. म्हणाले, "किसने किया?"

तिघांनी उद्घाटनाच्या समईकडे बघितलं.

गोपाळकृष्णरावांनी तोंड उघडलं. "मकबूलभाई, ऐसा है कि… ऐतिहासिक दृष्टि से देखा जाए तो…" पुढे काय म्हणणार होते देवाला ठाऊक. मकबूलभाई उठले. "रहने दो साब. परसों भोपाल पहुँचानी है. नई बनाने का टाइम नहीं. इसी को डुबो देता हूँ, जो निकले सो निकले." चहा तसाच राहिला.

घरी गोपाळकृष्णराव जेवले नाहीत. त्यांची थोरली बहीण अक्का म्हणाली, "तूच म्हणाला असशील." "कशावरून?" "लहानपणी दूध सांडलं की तू सांगायचास, दूध सांडलंय. कोणी, ते कधी नाही." मग भैरवगढला जाऊन माफी मागायचं ठरलं. रोज ठरायचं. रोज सदरा घालून व्हायचा, चप्पल पायात असायची, आणि मनात प्रश्न यायचा, माफी नेमकी कशाची? केल्याची, की केलं का ते माहीत नसल्याची? चप्पल परत कोपऱ्यात.

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, चादरीला पहिला नंबर मिळाला.

हसू नका. धुरातून बघावीत तशी फुलं निघाली होती म्हणे, कडा विरघळलेल्या, निळ्यात निळं मुरलेलं. परीक्षक म्हणाले, असं पूर्वी बघितलं नाही. बघणार कुठून, असं कोण करतं? भैरवगढमध्ये त्या नक्षीला 'धुआँ' म्हणायला लागले, मकबूलभाईंच्या हातालाही ती सोपी, बारीक रेघ लागत नाही. मागणी यायला लागली. मंडळाने सत्कार ठेवला. मकबूलभाईंचा, आणि ओघात मंडळाचाही. नंदाताई माईकवर म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, थोडी उष्णता द्यायला हवी." वसंतराव उठले. "रेकॉर्डवर घ्या, मूळ सूचना माझी. टेबलक्लॉथचा मुद्दा कोणी काढला?" तिथून जे बिनसलं ते मंडळात दोन गट पडेपर्यंत. एक गट म्हणे ताईंनी सांगितलं, दुसरा म्हणे वसंतरावांनी. अध्यक्ष मधल्या खुर्चीत, शाल पांघरून, मान खाली. लाज इतकी की शाल गरम होत होती.

वर्षं गेली. नानाखेड्याच्या बसस्टँडमागे एक दिवस कैलास दिसला. दुकान झालेलं, विजेच्या प्रेस, हाताखाली माणसं. गोपाळकृष्णरावांनी धीर करून विचारलं, "कैलास, वो मोम वाली चादर… प्रेस के लिए किसने बोला था?"

"लो," कैलास म्हणाला, "आप ही तो आए थे बाबूजी. खुद गठरी लेके. बोले, इसको ज़रा कड़क करना, भोपाल वाले आ रहे हैं."

झालं. पुरावा मिळाला. साक्षीदार प्रत्यक्षदर्शी. तुम्हाला सांगतो, माणसाला आपला गुन्हा सिद्ध झाल्यावर इतकं हलकं वाटलेलं कोणी बघितलं नसेल. तिथूनच ऑटो केला, थेट भैरवगढ. मकबूलभाई अंगणात बसले होते, आता सून काम करते, ते बघतात. गोपाळकृष्णराव उभ्या उभ्याच म्हणाले, "मकबूलभाई, वो चादर प्रेस में मैंने दी थी. मैंने. आज पक्का हुआ."

मकबूलभाईंनी मान वर करून बघितलं. मग हसले, थकल्यासारखे.

"साब, आप भी? ताईजी आके बोल गईं कि उन्होंने दी. वसंत साब तो दो बार बोल गए. एक आप ही थे जिन्होंने कभी नाम नहीं माँगा. चलो, कोई बात नहीं. बैठो, चाय पियो."

बसले. चहा प्यायले.

तर प्रेसला द्यायला सांगितलं कोणी? गोपाळकृष्णरावांनी. हे आता पक्कं आहे. फक्त यावर विश्वास ठेवणारा उज्जैनमध्ये एकच माणूस आहे, कैलास, आणि तो अजून म्हणतो, बाबूजी, वो पुरानी प्रेस आज तक चिकटती है.