टिकलीखालचं बटण

(कुंभवलीत गोदामाचं बांधकाम. ॲप बनवणारी हेमांगी, मुकादम आत्माराम आणि कामांची नोंद ठेवणारी नवसी सिमेंटच्या गोण्यांवर बसलीत. मध्ये साइटचा मोबाईल.)

हेमांगी : एकेचाळीस कामं रद्द, आत्मारामदादा. पाया रद्द, भिंती रद्द, पत्रेसुद्धा रद्द. मालक मनीषशेठच्या मोबाईलवर इथे नुसती मोकळी जमीन दिसतेय.

आत्माराम : मग हे डोक्यावर उभं हाय ते काय? शेठला म्हणावं, येऊन बघा.

हेमांगी : चार वाजता येतायत. म्हणाले, बटणं ज्याने दाबली त्याच्याकडून मोबाईल काढून घ्या.

आत्माराम : मोबाईल नवसीकडंच असतो. मी कशाला खोटं बोलू?

नवसी : तुमीच दिलात. म्हणालात, नवसी, मला चष्मा लागतो, तूच बघ. आज चष्मा गावला वाटतं.

हेमांगी : नवसीताई, काम झालं की तुम्ही नेमकं काय करता?

नवसी : फोटो काढते. मग टिकलीच्या खाली दाबते.

हेमांगी : कसली टिकली?

नवसी : ही काय, काचेवर. मला वाचता येत नाय, आन उन्हात हिरवं-लाल सगळं पांढरंच दिसतं. मग पयल्याच दिवशी 'झालं'च्या बटणाच्या जरा वर खूण म्हणून कपाळाची टिकली लावली. सहा महिन्यांत एक चूक नाय.

हेमांगी : अरे देवा. सोमवारी मी ॲप सुधारलं. 'झालं' उजवीकडे नेलं, त्या जागी 'रद्द' आलं.

नवसी : उजवीकडं कशाला?

हेमांगी : अंगठ्याला सोपं जावं म्हणून.

नवसी : कोणाच्या?

हेमांगी : माझ्या.

नवसी : तरीच. आज सकाळी तुजं ॲप एकेक जुनं काम परत इचारत होतं, झालं का, झालं का. मी आपली दाबत गेले. कामं काचेवरून जायला लागली, तवा वाटलं, ताईनं आवरायला काढलं.

आत्माराम : काय असेल ते. दाबलं तिनं. नवसी, उद्यापासून घमेलं घे.

नवसी : घेईन की. वीस वर्षं उचललंच ना. पन हा मोबाईल हातात आला तवापासून मान दुखत नाय, मुकादम. खरं सांगते, परत नको वाटतं.

हेमांगी : घमेलं कोणी घेत नाही. शेठना मी सांगते, चूक माझी. चाळीस कामं परत 'झालं' केली, ही बघा. एकच राहिलं. पण हे तर शुक्रवारचं आहे. तेव्हा बटणं जुन्याच जागी होती.

आत्माराम : ते पण हिरवं करून टाका. कशाला खोलात शिरता?

हेमांगी : 'बायकांचा संडास'. दादा, गुरुवारी तुम्ही तुमच्या मोबाईलवरून 'झालं' केलंत, शुक्रवारी ह्या मोबाईलवरून कोणीतरी रद्द केलं.

नवसी : ते टिकलीनं नाय केलं. मी केलं. शेजारचं बटण दाबलं की काम जातं, येवढं कळतं मला.

हेमांगी : पण का?

नवसी : फोटो बघ. गुलाबी लाद्या. आमी बायका नाल्यापलीकडं जातो, एक जात असली की दुसरी राखण करते. ह्या गुलाबी लाद्या कुठं हायत, मुकादमांना इचार.

आत्माराम : फोटो कोळगावच्या साइटीवरचा हाय. नमुन्यादाखल लावला होता.

हेमांगी : मग चार वाजता शेठना नमुना दाखवायला कोळगावला नेणार?

आत्माराम : विटा मागवतो. आत्ताच फोन लावतो.

हेमांगी : नवसीताई, ह्याचं काय करू? रद्दच ठेवू?

नवसी : रद्द नको. रद्द म्हंजे कोणी परत बघत नाय. 'बाकी हाय' आसं बटण नाय का तुज्याकडं?

हेमांगी : नाही. पण करते. कुठे ठेवू?

नवसी : शेठच्या मोबाईलवर, पार वरती. आन मुकादम, बांधून झालं की फोटो मी काढीन.