खासदार टकाबेरी चहाला येतात

तारास : ...ते राहू दे आई, आधी सांग, अंगणात लाल पक्षाची प्रचाराची पाटी कोणी लावली? शेजारच्या लॉर्ननं फोटो पाठवलाय मला. बाबांनी चाळीस वर्षं त्या जागी निळी पाटी ठोकली!

आई : मीच लावली. जमीन दगड झालीय गोठून, पण टकाबेरींनी पहारीनं भोक पाडून दिलं.

तारास : कोणी?

आई : मर्विन टकाबेरी. खासदार. आत्ता स्वयंपाकघरात बटाटा भरलेल्या पेरोगी खातायत. फोनवर जरा हळू बोल.

तारास : आई, टकाबेरी नावाचा खासदार नाही गं! मी बनवलाय त्याला. नऊ वर्षं दर शनिवारी इथं राजधानीत, ओटावात बसून मी पेपरात त्याची टर उडवतोय.

आई : वाचते की. लाल पक्षाचा बावळट. नऊ वर्षांत संसदेत एकच प्रश्न विचारला, "खिडकी उघडू का?" तोही इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषांत. मग त्यावर समिती नेमली. पोट धरून हसले होते मी.

तारास : मग?

आई : मग काय! लेखाखाली तूच छापतोस ना, "तक्रार असेल तर मर्विनला कळवा, खासदाराला लिहिलेल्या पत्राला टपाल तिकीट लागत नाही"? कळवलं मी.

तारास : थट्टा होती ती! असा माणूसच नाही म्हटल्यावर पत्र परत यायला हवं.

आई : नाही आलं परत. उत्तर आलं. हातानं लिहिलेलं. आपल्या गावचं पोस्ट बंद करणार होते, आठवतं? तू ज्यांची भाषणं लिहितोस, त्या तुझ्या निळ्या साहेबांना मी बारा पत्रं पाठवली. काय आलं? नाताळात कॅलेंडर. बारा महिने, बारा फोटो, सगळे त्यांचेच. टकाबेरींना एक पत्र लिहिलं, आणि पोस्ट अजून चालू आहे.

तारास : कोणीतरी भामटा घरात घेतलायस तू. सही केलीस कुठे? काही मागितलं त्यानं?

आई : काही मागत नाहीत रे. चहा घेतात, तुझी चौकशी करतात. साखर मात्र पेन्सिलीनं ढवळतात. वेडेच आहेत.

तारास : ...काय म्हणालीस?

आई : पेन्सिलीनं. मागचं टोक बुडवून.

तारास : हे मी कधीच छापलं नाही. फक्त वहीत लिहिलं होतं. आणि वही माझ्या खणात असते, कुलपात.

आई : मग खण बघ.

तारास : बघतोय. आहे वही. कुलूपही नीट आहे. आई, ऐक. सोमवारी मतदान आहे. संपादक म्हणाले, तुझा टकाबेरी लोकांना आवडायला लागलाय, त्याच्यामुळे लाल मतं वाढतील. संपव त्याला.

आई : संपव म्हणजे?

तारास : मारला मी त्याला. आजच्या लेखात. तीन वाजता लेख इंटरनेटवर गेलासुद्धा.

आई : कसा मारलास रे?

तारास : प्रचाराला एका म्हातारीकडे जातो. फुकटचं खातो. निघताना पायऱ्यांवर घसरतो. शेवटचे शब्द दोन्ही भाषांत. हसण्यासारखंच लिहिलंय गं.

आई : म्हातारी कोण?

तारास : कोणी नाही. एकटी असते. मुलगा लांब.

आई : येत नाही, असं लिहिलंस?

तारास : ...हो.

आई : आपल्या पायऱ्यांची तर काच झालीय, तारास. वर नुसती बर्फाची भुरभुर.

तारास : त्याला बाहेर सोडू नकोस! मी लेख काढायला लावतो. त्याला म्हणावं, अजून एक कप घ्या. आई? आई, ऐकतेयस ना?

(पलीकडे खुर्ची सरकते. दार उघडतं. वाऱ्याचा आवाज.)

आई : निघाले रे. मी बाही धरली, तरी निघाले. म्हणाले, पुढच्या घरी येतो म्हणून सांगितलंय.

तारास : खिडकीतून बघ.

आई : बघतेय. कोणी नाही. पायऱ्यांवर पाऊलही उमटलेलं नाही. भुरभुर जशीच्या तशी.

तारास : म्हणजे कोणी नव्हतंच. आई, नव्हतंच कोणी.

आई : कप गरम आहे अजून. माझ्या हातात आहे. मला भीती नाही वाटत, पण कोणीतरी येणारं होतं, आता तेही नाही.

तारास : मी येतो. आजच्या विमानानं. रेजायनाला उतरून गाडी घेतो.

आई : आणि तुझी निवडणूक?

तारास : गेली खड्ड्यात. येतो मी.

आई : ये. पण मागच्या दारानं ये, राजा.