काळूरामच्या वाटणीची गोळी

प्रज्ञा: हात सैल सोडा, काळूकाका. परत एकदा घेते. मघाशी एकशे अठ्ठ्याहत्तर आलं, यंत्राचंच काहीतरी चुकलं असेल.

काळूराम: यंत्र बरोबर हाय.

प्रज्ञा: मोजताना बोलायचं नाही, विसरलात का? ... एकशे ब्याऐंशी. खालचं एकशे सहा. काका, जानेवारीत तुम्ही या नव्या गोळीच्या अभ्यासात नाव घातलंत तेव्हासुद्धा इतकं बीपी नव्हतं. गोळ्या चुकल्या का या महिन्यात?

काळूराम: पाकिटं दिली ना तुमाला.

प्रज्ञा: तीच बघतेय. तिन्ही रिकामी. म्हणजे रोज गोळी घेऊनही चढलंय. मग मला आजच मुंबईच्या डॉक्टरांना कळवावं लागेल, की ही नवीन गोळी तुम्हाला लागू पडत नाही. तसं लिहिते इथे.

काळूराम: लिवू नका, ताई. खोटं व्हईल ते. गोळी चांगली लागू पडते. मीच ती घेतली न्हाय.

प्रज्ञा: किती दिवस?

काळूराम: नारळी पुनवेपासनं.

प्रज्ञा: अहो, सप्टेंबरात बीपी छान होतं तुमचं. माझ्याच अक्षरातला आकडा आहे हा.

काळूराम: तुमचा दिस आयला का त्याच्या आदी चार दिस मी घेयाचो. तेवढ्यानं उतरायचं. ह्या बारीला भान राहिलं न्हाय. कमळ अलिबागला दवाखान्यात हाय. मंगळवारी नेली, आज चौथा दिस.

प्रज्ञा: काकू? काय झालं त्यांना?

काळूराम: रविवारपासनं उलट्या व्हत व्हत्या, जुलाबबी. मंगळवारी सकाळी चुलीपुढं बसली ती उठलीच न्हाय. हातपाय लुळे. डॉक्टर बोलले, दोन्ही किडन्या बसल्यात. कशानं ते त्यांना समजंना.

प्रज्ञा: काका, तुमच्या गोळ्या कुठे गेल्या?

काळूराम: तुमी वळखलंत. कशाला मना बोलायला लावता?

प्रज्ञा: कारण माझ्या मनाने मी काही लिहिणार नाही. बोला.

काळूराम: कमळला दिल्या. रोज एक, सकाळी च्या झाला का.

प्रज्ञा: दवाखान्यात हे सांगितलंत?

काळूराम: न्हाय.

प्रज्ञा: शेवटची कधी दिलीत?

काळूराम: मंगळवारीच. ती लुळी पडायच्या आदी.

प्रज्ञा: थांबा. आधी फोन करू दे... हॅलो, मला बायकांच्या वॉर्डातल्या डॉक्टरांशी बोलायचंय. मी प्रज्ञा, बीपीच्या अभ्यासात काम करते, उपकेंद्रातून बोलतेय. तुमच्याकडे कमळ काळूराम म्हात्रे म्हणून पेशंट आहेत, त्यांच्याबद्दल. हो, किडनीच्या. सर, त्यांच्या पोटात अडीच महिने आमच्या अभ्यासातली गोळी जात होती. त्यांना दिलेली नव्हती, नवऱ्याची होती. हो, रोज. उलट्या सुरू झाल्यावरही. जानेवारीत आम्ही त्यांचं रक्त तपासलं होतं, किडनी तेव्हाच निम्म्यावर होती. रिपोर्ट पाठवते, गोळीत काय काय आहे तेही पाठवते. ... नाही सर, ते घाबरले. माझ्यासमोर बसलेत. ... मुलाला? गोळी पोटात गेली, एवढंच सांगा सर. कोणी दिली ते हे स्वतः सांगतील.

काळूराम: काय बोलले?

प्रज्ञा: लेप्टोचा, त्या उंदराच्या तापाचा, रिपोर्ट आज सकाळी आला. लेप्टो नव्हेच. ते अंधारात चाचपडत होते. या गोळीने रक्तात पोटॅशियम साठतं. किडनी धड असली की ते बाहेर पडतं, काकूंची तशी नाही. त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं. आज दुपारीच डायलिसिस करतायत. हे मंगळवारी कळलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणाले. रागावून नाही म्हणाले.

काळूराम: रागावले असते तं बरं झालं असतं.

प्रज्ञा: काका, पहिल्यापासून सांगा. जसं झालं तसं.

काळूराम: जानेवारीत आमी दोघं एकाच दिशी आयलो व्हतो तुमच्याकडं. आठ दिसांनी माजं नाव आयलं, तिचं न्हाय. मना काय बोलली न्हाय ती. पन मिठागरावर बायकांना बोलली, जुन्या होडीला कोन रंग लावतो. मंग माजी डोकेदुखी थांबली. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरनं चाललो तं दम लागंना. ती बघत राहायची. तिचे पाय सुजायचे, चप्पल शिरत नसं पायात. जुलैत तुमच्या मोठ्या डॉक्टरनी सभेत मना उभा केला. बोलले, काळूरामांनी एक गोळी चुकवली न्हाय, सगळ्यांनी यांच्यासारखं वागा. टाळ्या पडल्या. दिपेशनं, माज्या पोरानं, ते मोबाईलवर घेतलं. तो न्हाव्याशेव्याला ट्रेलर चालवतो, पन त्या दिशी मुद्दाम घरी राहिला व्हता. गावभर पाठवलं त्यानं. कमळ पाठीमागच्या रांगेत बसली व्हती, टाळ्या वाजवत.

प्रज्ञा: मी होते तिथे.

काळूराम: नारळी पुनवेला आमी खाडीवर गेलो नारळ सोडायला. ती वाटेतच खाली बसली, डोळ्यापुढं अंधारी. दुसऱ्या दिशी मी तिला बोललो, तुजं पन नाव आयलं. ताईंनी तुज्यापन गोळ्या दिल्यात. कुनाला सांगू नको, बाकीच्या बायका भांडतील. तिनं खोदून इचारलंबी न्हाय, ताई. लगेच हात धुऊन आयली नि हात पुढं केला.

प्रज्ञा: म्हणजे काकूंना वाटतं, गोळ्या मी दिल्या?

काळूराम: व्हय.

प्रज्ञा: त्यांना का घेतलं नाही ते मी तुम्हाला सांगितलं होतं.

काळूराम: सांगलं व्हतं. किडनी कमजोर हाय, अलिबागला दाखवा. कागदबी दिलात. मिठाचे दिस व्हते, आज जाऊ उद्या जाऊ करत राहिलं. मंग मीच मनाची समजूत घातली, का जागा भरल्यात, म्हनून कायतरी कारन काढतात.

प्रज्ञा: आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं असेल ना, कुठली औषधं चालू आहेत ते?

काळूराम: इचारलं. दिपेश बाजूला उभा व्हता. मी बोललो, कसली न्हाय. दोनच शब्द. मंग ते बोलले, भाताच्या चिखलात काम करतात, उंदराच्या मुतानं ताप येतो तसलं काय असेल, लेप्टो का काय. सुया चालू केल्या. ताई, उंदराचं नाव आयलं नि मना बरं वाटलं. हे बोलायची मना सगळ्यात लाज वाटते. ती तिथं डोळे फिरवून पडलेली, नि मना बरं वाटलं.

प्रज्ञा: पाणी प्या थोडं.

काळूराम: दुसऱ्या दिशी मोठा डॉक्टर आयला. बोलला, लेप्टोसारखं दिसत न्हाय, नीट आठवा. तं मी आठवल्यासारखं केलं. वर बघितलं. दिपेशला इचारलं, तुज्या आईनं कुनाचं गावठी औषध घेतलं का रं? मी इचारलं त्याला. त्यानं बाहेर जाऊन तिच्या बहिनीला फोन केला, शेजारी फोन केला. दहा जनांना इचारत बसला पोरगा, नि मी बाकड्यावर बसून ऐकतोय. पैल्या दिशी सांगलं न्हाय, म्हनून दुसऱ्या दिशी सांगवंना. दुसऱ्या दिशी न्हाय, म्हनून तिसऱ्या. आज हिकडं आयलो ते कबूल करायला न्हाय आयलो. न्हाय आयलो तं तुमी घरी याल, इचाराल, म्हनून आयलो. यंत्रानं पकडलं.

प्रज्ञा: यंत्राने आकडा दाखवला. मी तर तो यंत्रावरच ढकलत होते. सांगितलंत तुम्ही.

काळूराम: आता काय लिवणार?

प्रज्ञा: हेच सगळं. नारळी पौर्णिमेपासूनचे तुमचे आकडे बाद होतील आणि अभ्यासातून तुमचं नाव कमी होईल. आणि आणखी एक लिहायचंय, ते माझं आहे.

काळूराम: तुमचं काय?

प्रज्ञा: जानेवारीत त्या दिवशी रांगेत साठ माणसं होती. काकूंबद्दल मी तुमच्याशी उभ्या उभ्या बोलले, एक मिनिट. काकूंशी तर बोललेच नाही. ही गोळी त्यांच्या जिवावर बेतेल, हे वाक्य मी उच्चारलं नाही. 'त्या यात बसत नाहीत' म्हटलं, आणि फॉर्मवर 'समजावून सांगितले' यापुढे खूण केली. नंतर नऊ महिने तुमच्याकडून पाकिटं घेत राहिले. काकूंना दाखवलंत का, एकदाही विचारलं नाही. पाकीट रिकामं दिसलं की आम्हाला बरं वाटतं, काका. आपल्या उपकेंद्राचं नाव होतं.

काळूराम: ते नका लिवू. तुमची नोकरी जाईल.

प्रज्ञा: तुम्ही आत्ताच म्हणालात ना, खोटं लिहू नका म्हणून. मग अर्धवट लिहून कसं चालेल? चला, उठा. हे बीपी घेऊन तुम्हाला घरी सोडता येणार नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे नेते, आणि ते देतील ती गोळी माझ्यासमोर घ्यायची.

काळूराम: कमळ शुद्धीवर आयली का तुमीच सांगाल का तिला? तुमचं ती ऐकेल.

प्रज्ञा: गोळीने काय झालं ते डॉक्टर सांगतील. माझं जे आहे ते मी येऊन सांगेन. तुम्ही काय सांगितलं होतंत, ते तुम्हालाच सांगावं लागेल.

(तीन दिवसांनी. अलिबाग, दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड. दोनदा डायलिसिस झालेली कमळ उशीला टेकून बसली आहे.)

कमळ: आज लघवी झाली म्हनून नर्सबाय खूश व्हती. किडनी थोडी चालू झाली बोलली. पुरी व्हनार न्हाय, पन चालेल. तुमचं तोंड का उतरलंय?

काळूराम: काय न्हाय.

कमळ: जवळ या जरा. दिपेश पानी आनायला गेलाय तोवर सांगते. रातपाळीचा नवा डॉक्टर मना इचारत व्हता, बीपीची गोळी कुनी दिली. मी बोलली न्हाय.

काळूराम: का न्हाय बोललीस?

कमळ: ताईचं नाव येईल ना. तिनं बिचारीनं गुपचूप मना दिल्या, नि मनाच पचल्या न्हाय, त्यात तिचा काय गुन्हा? काल दिपेश रागावला, आये, कुनाच्या गोळ्या खाल्ल्यास, नाव सांग, मी बघतो त्याला. मना रडू आयलं, पन मी नाव घेतलं न्हाय. तुमीबी घेऊ नका.

काळूराम: कमळ, ताईनं न्हाय दिल्या.

कमळ: मंग?

काळूराम: माज्या व्हत्या. माज्या वाटणीच्या. मी घेत नव्हतो, तुला देत व्हतो.

कमळ: नि माजं नाव आयलं व्हतं ते?

काळूराम: न्हाय आयलं कदी. मीच बनवून सांगलं. जानेवारीतच ताई बोलल्या व्हत्या, तुजी किडनी कमजोर हाय, दाखवून घ्या. ते पन मी तुला पुरतं सांगलं न्हाय.

कमळ: मी देवळात गेली व्हती नवं लुगडं नेसून. नाव आयलं म्हनून.

काळूराम: मना म्हाईत हाय.

कमळ: तुमीच सोडलं व्हतं मना देवळापर्यंत.

काळूराम: तुजे पाय बघवत नव्हते, कमळ. मना गोळीनं बरं वाटलं, मना वाटलं तुलाबी वाटेल.

कमळ: ते कळतं मना. पन रविवारी उलट्या चालू व्हत्या, तवा मी बोलली, आज गोळी नको. तुमी बोललात, ताईंनी सांगलंय, खाडा करायचा न्हाय. ते पन ताई बोलली नव्हती?

काळूराम: न्हाय.

कमळ: ते कशाला बोललात?

काळूराम: सभेत मना तसंच बोलले व्हते. तेच मी तुला बोललो.

कमळ: मना इचारलं असतंत तं मी न्हाय बोलली असती. तुमच्या तोंडची गोळी मी खाल्ली असती का?

काळूराम: म्हनूनच इचारलं न्हाय.

कमळ: दिपेशला काय सांगलंत?

काळूराम: काय न्हाय. डॉक्टर बोलनार व्हते, मी बोललो मी सांगतो. तीन दिस झाले.

कमळ: तीन दिस तो माज्या बहिनीच्या, नि शेजारनीच्या मागं लागलाय.

काळूराम: तू सांग त्याला. आईचं ऐकून घेईल. माज्या तोंडाकडं बघून त्यानं ते टाळ्यांचं गावभर पाठवलंय, कमळ. मी कुठल्या तोंडानं...

कमळ: मी न्हाय सांगनार.

काळूराम: बरं. संध्याकाळी सांगतो. आता जरा खाली जाऊन येतो.

कमळ: खुर्ची ओढा हिकडं. पानी घेऊन तो येईस्तोवर बसा माज्याजवळ.