कुंकवावर घातलेला आळ

परत तेच सांगायचं? तुमचा चहा प्यालोय म्हणून सांगतो, सुहासराव, न्हाईतर उठलो असतो.

माझ्या दूध केंद्रावरचा कंप्युटर माझ्यागतच म्हातारा. खंडेनवमीला सांगलीचा जावई आला आणि न विचारता त्याला नवं अपडेट मारून मोकळा झाला. दसऱ्याला सकाळी बटण दाबलं, तर नुसता काळा पडदा. त्याच्यात नोंद झाल्याबिगर दूध घेता येत न्हाई, आणि बाहेर माणसं किटल्या घेऊन उभी. टँकर दूध न घेताच निघाला असता तर सगळं दूध नासलं असतं.

जावई म्हणाला, "मामा, काल पूजा केलीत ना? कुंकू आत गेलंय."

म्हटलं, "कुंकू ट्रॅक्टरला बी लावलंय. त्यो कसा पळतोय?"

तरी रांगेतला गणपा वराडला, "आबा, नासलं तर तुमीच प्या!"

आमची मंडळी फडकं घेऊन आली. कुंकू पुसताना कंप्युटरच्या मागं हाताला काय तरी टोचलं, म्हणून तिनं उपसलं. जावयानं अपडेट करून तसाच विसरलेला पेनड्राईव्ह! कंप्युटर सुरू व्हायला सोताची डिस्क सोडून त्यातच शिरत होता, म्हणून पडदा काळा. परत बटण दाबलं, झाला चालू.

जावई म्हणतो कसा, "बघा, कुंकू पुसल्याबरोबर लागला!"

जावई म्हणून त्या दिवशी पुरणपोळीवर तूप वाढलं. कुंकवाची माफी मातर त्यानं अजून मागायची हाय, सुहासराव.